अक्षरांच्या बेरजा: आधी हातचा बघ

हे बघ, अक्षरांच्या जागी अंक टाकायच्या बेरजेत अंदाजाने आकडे भरत बसू नको, वेळ तिथेच जातो. आधी हातचा बघायचा. समज कख + खक = गकग आहे. दोन अंकी दोन संख्यांची बेरीज २०० च्या आतच राहते, म्हणजे ग = १, हे फुकटात मिळालं. आता एककाला ख + क च्या शेवटी १ यायला हवा, दोघंही पहिल्या जागी आलेत म्हणून कुणीच ० नाही, मग बेरीज ११ च होणार आणि हातचा १, दशकाला ११ अधिक १ म्हणजे १२, तर क = २ आणि ख = ९. २९ + ९२ = १२१, ताळा करून बघ.

अजून एक, दोनच संख्या असतील आणि एका कॉलममध्ये तेच अक्षर वरही नि उत्तरातही दिसलं तर दुसरं अक्षर ० किंवा ९ च, ९ असेल तर मागून हातचा आलेला असतो. तीन संख्या असल्या की हातचा २ पण येऊ शकतो, हे बरेच जण विसरतात. आणि प्रश्नात फक्त क विचारला असेल तर सगळी अक्षरं सोडवू नको रे, क मिळाला की पुढे जा.