भाव कळला, पण पुढे?

चि. ...
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ॲपचा आराखडा दोनदा वाचला. वाशीच्या घाऊक बाजारातला हापूसचा रोजचा भाव बागायतदाराच्या मोबाइलवर आला की दलालाची सद्दी संपेल, असं तू लिहिलं आहेस. पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केरळचं उदाहरण दिलंस, ते खरं आहे. तिथल्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल आला आणि रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तारली या मासळीच्या बाजारांवर त्याचा परिणाम मोजला. जानेवारी १९९७ मधल्या एका सकाळी बडगऱ्याच्या किनाऱ्यावर ११ नौकांची तारली कुणी घेईना, आणि १५ किलोमीटरच्या आत २७ गिऱ्हाइकं रिकाम्या हाती परतायच्या बेतात होती. फोन आल्यावर तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, समुद्रातूनच विचारून बंदर ठरवू लागले. मासळी फेकून देणं जवळपास थांबलं, मच्छीमाराचा नफा ८ टक्क्यांच्या आसपास वाढला, गिऱ्हाइकालाही तारली थोडी स्वस्त पडली.

पण ती नौका तोंड वळवून दुसऱ्या बंदराला जाऊ शकत होती. केरळातच पुढे काही अभ्यासकांना असंही दिसलं, की ज्याने दलालाचे पैसे घेतलेत त्याची मासळी, हातात फोन असला तरी, त्या दलालाकडेच जाते. आपल्या हापूसचं दुखणं इथेच आहे.

मी रोज संध्याकाळी गावातल्या चाळीसेक बागायतदारांना भावाचा एसएमएस पाठवायचो. खूश होते सगळे. हंगाम संपल्यावर एकाला विचारलं, यंदा दलाल बदललात का? त्याने वही काढून पुढ्यात ठेवली. पावसाळ्यात खताला दलालाकडून उचल, मोहोरावर फवारणीला उचल, राखणीच्या गुरख्यांच्या पगाराला उचल. मार्चात पहिली पेटी भरली तेव्हा ती कुठे जायची हे कधीच ठरून गेलं होतं. माझ्या एसएमएसने त्याला एवढंच कळलं, की आपण किती बुडतोय. (बायकोने तो एसएमएस बंद करायला सांगितला होता, असंही तो हसत म्हणाला.)

तेव्हा आधी वही बघ. पट्टी बघ, म्हणजे दलाल विक्रीनंतर पाठवतो तो हिशेबाचा कागद. पट्टीत हमाली, भाडं असतं, आणि ‘डागी’ म्हणून कापलेले आंबेही असतात. ते आंबे इथे खराब होते, ट्रकात झाले की झालेच नाहीत, हे बागायतदाराला कधी कळत नाही. इथे फोन कामाचा आहे. पेटी बंद करण्याआधी वरून एक फोटो काढायचा, आत चिठ्ठी: तारीख, डझन, कलम कुठलं. पेटी उघडताना दुसरा फोटो. भांडण करायला निदान काहीतरी हातात राहतं. साका, म्हणजे आतला गर बिघडणं, मात्र फोटोत दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

नुसता ‘पेटीचा भाव’ दाखवू नकोस. चार डझनांची पेटी आणि सात डझनांची पेटी यांचा भाव एकाच ओळीत लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची थट्टा आहे.

दुसरं काम टेम्पोचं. पाच जणांच्या वीस-वीस पेट्या एका गाडीत गेल्या तर भाडं वाटलं जातं, पण कोणाची तोडणी कधी हे एकमेकांना वेळेवर कळत नाही. त्यासाठी ॲपही नको, व्हॉट्सॲपचा एक ग्रुप आणि तो नेटाने चालवणारं एक माणूस पुरे. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवणारेही असंच चालवतात. यूपीआयने पैसे त्याच दिवशी येतात, आणि मग पुढच्या फवारणीला उचल कमी लागते. माझ्या मते दलालाची पकड सुटली तर इथून सुटेल, भावाच्या आकड्याने नाही.

रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर मिळते, बागेत नाही. म्हणून फोटो आधी फोनमध्येच साठायला हवा आणि रेंजमध्ये आल्यावर आपोआप जायला हवा. लिहायचं कमी ठेव. आमची माणसं बोलून मेसेज पाठवतात, तेही मालवणीत.

मे महिन्यात येऊ नकोस, तेव्हा कुणालाही मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीनंतर मोहोराची चाहूल लागते तेव्हा ये. उचलीची बोलणी त्याच सुमारास चालतात. लॅपटॉप घरी ठेव, कोरी वही आण.

तुझा,
काका