कंट्रोलचा कॉलम गाळू नकोस

प्रिय मुला,

तुझा मेल काल वाचला. डिझेल खाणाऱ्या जिवाणूंच्या तुझ्या प्रयोगात कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी जिवाणू न घालता ठेवलेल्या, फ्लास्कमधलं डिझेलही जवळजवळ निम्म्यावर आलं म्हणून तू हबकलास, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटली ती शेवटच्या ओळीची. सीनियर म्हणतात, कंट्रोलचा कॉलम थिसिसमध्ये घेऊच नको, आणि तू मला विचारतोस, "चालेल का?"

नाही चालणार. कंट्रोल सोडायचा नाही. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, वैतागू नकोस.

आधी ते डिझेल गेलं कुठे ते बघू. कापसाचा बोळा लावलेला फ्लास्क 30 अंशांना शेकरवर, म्हणजे हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, आठवडाभर फिरला की डिझेलमधले हलके घटक उडतातच. तुमच्या शेकर रूममध्ये शिरताच वास येतो ना, तो त्याचाच. थोडं कापसात मुरतं, थोडं काचेला धरतं. जिवाणू असलेल्या फ्लास्कमध्ये आणखी एक भानगड होते: तेल पेशींच्या आवरणाला नुसतं चिकटून बसतं, खाल्लं जात नाही. म्हणून एका कंट्रोलने भागत नाही. एक बिनजिवाणूंचा हवा आणि एक मारलेल्या पेशींचा.

आणि उरलेलं डिझेल मोजायला ते विरघळवून घेणारं हेक्झेन घालून सेपरेटिंग फनेल (थर वेगळे करायचं नळीचं भांडं) हलवलंस की मधे साईसारखा पांढुरका थर धरतो, त्याचं तू काय करतोस? मेलमध्ये नाही लिहिलंस. बहुतेक मुलं तो खालच्या पाण्याबरोबर सोडून देतात. तुझा स्यूडोमोनास जिवाणू बायोसर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, बनवत असेल तर हा थर नेमका त्याच्याच फ्लास्कमध्ये जाड येणार, आणि त्यात अडकलेलं डिझेल जिवाणूंनी खाल्लं असं तू मोजणार. थोडं मीठ घाल, सेंट्रिफ्यूज कर, थर फुटू दे, मग हेक्झेन उडवून वजन घे. हे कुणी शिकवलं नसेल तर तो तुझा दोष नाही. पण आता कळलंय.

24 मार्च 1989 ला अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाज खडकावर चढलं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. तेल खाणारे जिवाणू त्या किनाऱ्यावर आधीपासून होतेच, त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस अपुरा पडत होता. म्हणून खत मारलं. दोनेक आठवड्यांत खत मारलेला दगडगोट्यांचा पट्टा उजळला, शेजारचा काळाच राहिला. जगभरातून ओरड चालू असताना तो शेजारचा पट्टा मुद्दाम तसाच ठेवायला किती धीर लागला असेल, विचार कर! तेवढ्यावरही ते शास्त्रज्ञ थांबले नाहीत. दगड स्वच्छ दिसले म्हणजे तेलाचं विघटन झालं असं होत नाही, लाटांनी धुऊनही जातं. म्हणून पुढे तेलातलाच होपेन हा रेणू धरला. जिवाणू त्याला सहसा हात लावत नाहीत. बाकीचे घटक होपेनच्या मानाने किती घटले ते पाहिलं की धुतलेलं किती आणि खाल्लेलं किती, हे वेगळं काढता येतं. 1990 मध्ये बाजारातली जिवाणूंची तयार उत्पादनंही त्या किनाऱ्यावर तपासली. नुसत्या खतापेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही. कंट्रोलचे पट्टे नसते तर ती डबे भरभरून विकली गेली असती.

मी हे एवढ्या तावातावाने का लिहितेय? एका कारखान्याच्या ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, काम आमच्याकडे आलं होतं. शेजारीशेजारी हवा खेळवायच्या दोन एअरेशन टाक्या, दोन्हींत येणारं सांडपाणी एकच. मी म्हणाले, एकीत कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, घालू, दुसरीत नको. मालक म्हणाले, मॅडम, आम्ही दोन्ही टाक्यांचे पैसे देतोय. माझे सहकारी म्हणाले, आधी काम तर हातात घेऊ, शास्त्र मागाहून. मी हटले नाही. काम गेलं. ज्यांनी घेतलं त्यांनी दोन्ही टाक्यांत कल्चर ओतलं, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, खाली आला, सत्कार झाले. त्याच सुमारास तिथे नवे एअरेटर बसले होते. मग सीओडी उतरला कशाने? आज कुणालाही सांगता येणार नाही. त्या कामाच्या भरवशावर आमच्याकडे दोन प्रोजेक्ट असिस्टंट होत्या, त्यांना मला ठेवून घेता आलं नाही, ते अजून सलतं. एका जुन्या सहकाऱ्याशी बोलणं तुटलं ते कायमचंच. मला हेकट म्हणतात, म्हणू देत. दुसरी टाकी बिनकल्चरची ठेवा हे मी तेव्हा बरोबरच म्हणत होते आणि उद्याही म्हणेन.

आता तुला आलेल्या त्या लशीच्या कंपनीतल्या क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, नोकरीविषयी. "दोन वर्षं मातीत घातली ती फुकट गेली," असं लिहिलंस, ते वाचून मला रागच आला. फुकट कशी? 1897 च्या जानेवारीत मुंबईत जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना टोचली. न टोचलेल्यांमध्ये प्लेग जास्त झाला. पण आपणहून पुढे येणारा आणि मागे राहणारा, दोघे सारखे असतात का? पुढच्या जानेवारीत उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवलं आणि एक सोडून एक टोचलं. अन्न तेच, पाणी तेच, फरक फक्त लशीचा. बंदिवानाच्या होकाराला कितपत होकार म्हणायचं, हे मला डाचतं, आज तसं कुणी करूही नये. पण एक सोडून एक, ही दृष्टी बघ. तुझ्या फ्लास्कांच्या रांगेत तीच आहे.

तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूत 1968 मध्ये बीसीजी या क्षयाच्या लशीची चाचणी सुरू झाली, अडीच लाखांहून जास्त माणसांवर. काहींना लस, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली टोचणी. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती वाचवत नाही, असं निघालं. हे उत्तर कुणालाच नको होतं, तरी ते छापलं गेलं. बाळांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून ती वाचवते, म्हणून आजही देतो. तिच्याकडून काय मागायचं आणि काय नाही, हे कळायला प्लासिबो घेतलेली माणसं लागली.

क्यूसीत स्टेरिलिटी टेस्टच्या, म्हणजे लशीत जंतू नाहीत ना हे पाहायच्या, नळ्या 14 दिवस स्वच्छ राहिल्या की बॅच पुढे जाते. पण नळीतल्या त्या माध्यमात, म्हणजे जंतूंच्या खाद्यात, मुळात काही वाढतं का, हे शंभराहून कमी जिवाणू टाकून दाखवावं लागतं. ते न दाखवता स्वच्छ नळीला काय अर्थ? बघ, इथेही कंट्रोलच. नोकरी घे किंवा पीएचडी कर, मला दोन्ही चालेल.

थिसिसमध्ये कंट्रोलचा कॉलम पहिला टाक. जिवाणूंच्या फ्लास्कमधली घट आणि कंट्रोलमधली घट यांतला फरक, तेवढंच तुझं. लहान निघाला तर लहान लिही. गाइडना आधी सांग, व्हायव्हाच्या दिवशी नको. नवा सेट लावताना प्रत्येकाचे तीन फ्लास्क ठेव. पेशी मारायला सोडियम अझाइड वापरू नकोस, ते विषारी आहे आणि तांब्या-शिशाच्या पाइपात साचलं तर स्फोट होऊ शकतो. ऑटोक्लेव्ह केलेल्या पेशी घे. कापसाचा बोळाही हेक्झेनने धुऊन त्यातलं डिझेल मोज. शनिवारी दुपारी फोन कर, नोंदवही समोर घेऊन बस.

तुझी,
मॅडम