अ‍ॅक्शन सीक्वेल कथा सोडून फक्त इफेक्ट्ससाठी बघणं ही वाईट अभिरुची आहे का? आणि सुरुवात कुठून करावी?

अजिबात नाही. तुम्हाला ज्यांनी असं ऐकवलं, त्यांनी पडद्याकडे नीट बघितलेलंच नाही.

मी बरीच वर्षं गोरेगावच्या एका स्टुडिओत रोटो आणि पेंट केलंय. रोटो म्हणजे नटाच्या कडेकडेने, भुरभुरणाऱ्या केसांसकट, फ्रेमगणिक रेघ काढत जायचं. सेकंदाला २४ फ्रेम. आणि पेंट म्हणजे स्टंटच्या तारा पुसत बसायचं. त्यामुळे हा प्रश्न मला झोंबतो.

गणपतीला आम्ही सगळे सांगलीला मामांकडे जमलो होतो. राज्य नाट्य स्पर्धेत मामांची हयात गेली. भाचरांनी ‘टर्मिनेटर २’ लावला होता, जेम्स कॅमेरॉनचा, १९९१चा. मामा थोडा वेळ बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “यात कथा काय? एक यंत्रमानव मारायला येतो, दुसरा वाचवायला. बाकी सगळी आतषबाजी. आणि तू रात्र रात्र जागून हेच करतेस?”

मी रिमोट घेतला आणि मनोरुग्णालयाचा प्रसंग मागे नेला. तो टी-१०००, म्हणजे मारायला आलेला पातळ धातूचा यंत्रमानव, गजांच्या दारातून आरपार चालत येतो, चेहरा गजांभोवती वाहतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. पण हातातलं पिस्तूल गजांना अडकतं. खट्! तो हात वळवून ते सोडवून घेतो. म्हटलं, मामा, हा खट् कुणीतरी विचार करून घातलाय. हा माणूस पाऱ्यासारखा वाहतो, पण त्याच्या हातातली वस्तू खरीखुरी घट्ट आहे, हे एका क्षणात कळलं आणि एक वाक्य बोलावं लागलं नाही. गजांतून निसटतानाचा तो चिकट आवाज साउंड डिझायनर गॅरी रिडस्ट्रॉमने डब्यातून ओघळणाऱ्या कुत्र्याच्या खाण्यापासून बनवला होता. त्याच इस्पितळात फरशीतून पहारेकऱ्याचा हुबेहूब जोडीदार उभा राहतो ना, तिथे डॉन आणि डॅन स्टँटन हे खरे जुळे भाऊ आहेत. पुलाखालून हेलिकॉप्टर जातं, ते खरंच नेलं होतं. छातीवर गोळ्यांची चंदेरी फुलं उमलतात, ती मेकअप-इफेक्ट्स करणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी हाताने केलेली. दोन तासांहून लांब सिनेमात संगणकाचं काम सगळं मिळून पाचेक मिनिटांचं, आणि तरी लोकांना आठवतो तो पारा.

मोटारसायकल कालव्यात उडी घेते तो शॉट आला आणि माझा आवाज चढला. ती जाड केबलला टांगलेली होती. त्या केबल मागाहून एकेका फ्रेममधून पुसल्या, त्या काळातल्या संगणकांवर! मी हेच करते मामा, आणि मला याचा अभिमान आहे.

मामा म्हणाले, “नाटकात माणूस असतो.” मग मी सांगलीच काढली. विष्णुदास भावेंनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यातली कथा ठाऊक नाही असा एक तरी प्रेक्षक तिथे बसला असेल का? धनुष्य मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. ते कसं मोडतंय हे बघायला लोक आले. फाळके तर प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग करायचे. त्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही एकच नट, अण्णा साळुंके, मारुती उडतोय, लंका जळतेय. तिथे कथा ऐकायला कोण गेलं होतं? सीक्वेलचंही तेच. पात्रं माहीत, शेवट साधारण माहीत, मग डोळे बघायला मोकळे होतात. माहीत असलेली गोष्ट डोळे भरून बघायची आपली जुनी सवय आहे, आणि ज्याला तिची लाज वाटते त्याने दशावतारालाही नाकं मुरडावीत.

आता एक मान्य करते. सगळेच धूमधडाक्याचे सिनेमे चांगले नसतात. कोण कुठे उभा आहे, गाडी कुठून कुठे चाललीये हे कळेनासं झालं की कितीही स्फोट करा, मी उठून जाते. मी स्वतः अशा कामांवर राबलेय. प्रदर्शनाच्या आठवड्यापर्यंत शॉट बदलत राहायचे आणि मग लोक म्हणायचे, ग्राफिक्स खोटं वाटतं. घाईत केलेलं खोटंच वाटणार. त्यात आर्टिस्टचा दोष नसतो.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. ‘टर्मिनेटर २’ बघा, पहिला भाग नंतर बघितला तरी चालेल. मग जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, २०१५चा. आधीचे तीन भाग न बघताही कळतो. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्यात, लवणाऱ्या लांब खांबांवर खरी माणसं झुलतायत, आणि जिथे संगणक आहे तिथेही डोळ्यांना कुठे बघायचं ते नेमकं कळतं. फोनवर बघू नका. मामांना पुढच्या गणपतीत मी हाच दाखवणार आहे.