वाचक विचारतात : हरलेल्या लढाया, दाबलेल्या बातम्या

प्रश्न : आमच्या पणजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात, 'बसऱ्याला गेले, परत आले नाहीत.' साताऱ्याकडच्या आमच्या गावी चावडीत एक संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढेच आकडे तिच्यावर आहेत, नावं नाहीत. ते कुठे वारले हे शोधता येईल का?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : प्रयत्न जरूर करा, पण सुरुवात 'बसरा' या शब्दापासून करू नका. बसरा हे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेचं बंदर होतं. फौज तिथे उतरायची, म्हणून मेसोपोटेमियात कुठेही मेलेला माणूस घरच्यांसाठी 'बसऱ्याला गेलेला' झाला. आधी पलटण शोधा. तिकडे गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या.

घरात पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली हळूहळू फिरवा. तिथे बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक राखेने किंवा पावडरीने घासून चकचकीत करू नका. पहिल्यांदा झिजतात ती हीच अक्षरं. आणखी एक फसगत होते. 1922 मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले : 103 ची 1/5 (म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन) झाली, 110 ची 3/5 आणि 117 ची 5/5 मराठा. नंतरच्या कागदावर नवा क्रमांक पाहून लोक भलत्याच पलटणीमागे लागतात.

मग युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरींची आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. तिथली यादी फुकट पाहता येते. आडनाव टाकून शोधलं तर बहुधा हाती काही लागत नाही, कारण इंग्रज कारकुनाने जाधव, शिंदे कानाला लागले तसे लिहिले. त्याऐवजी पलटण आणि सालं टाकून यादी गाळा आणि जादा माहितीच्या रकान्यात वडिलांचं नाव, गाव, तालुका तपासा. गावाचं स्पेलिंग मोडकंतोडकं असलं तरी मोठ्याने वाचलं की ओळखू येतं.

मृत्यूची तारीख मिळाली की पुष्कळ उलगडतं. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 मधली असेल, तर पणजोबा कुत-अल-अमाराच्या वेढ्यात असण्याची शक्यता मोठी. तो वेढा जवळपास पाच महिने चालला आणि जनरल टाउनशेंडने सुमारे 13,000 माणसांनिशी तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. त्यात हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर बहुसंख्य होते. तारीख त्यानंतरची असेल तर कैदेतला मृत्यू समजायला जागा आहे. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं आणि पुष्कळांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं. कैदेतल्या तारखांवर मात्र फार भिस्त ठेवू नका.

एवढी मोठी शरणागती लपवणं शक्यच नव्हतं. दाबली गेली ती जखमींच्या हालांची बातमी. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींची व्यवस्था उत्तम असल्याची सरकारी तार गेली. प्रत्यक्षात बोटींवर माणसं दिवसचे दिवस घाणीत पडून होती. हे उघड सांगणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरलाच वरिष्ठांनी दम भरला. 1917 मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालाने ते सगळं बाहेर काढलं.

आणि नावं? बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. हिंदी अंमलदार सोडले तर आपल्या शिपायांचे फक्त आकडे. तुमच्या चावडीतल्या पाटीचीही तीच तऱ्हा. ही वागणूक असमान होती हे कमिशनने 2021 मध्ये मान्य केलं. पणजोबांचं नाव सापडलं, तर ते त्या पाटीशेजारी लावण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा.

प्रश्न : 14 एप्रिल 1944 च्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाबद्दल त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांत फार कमी सापडतं. नीट बातम्या कधीच्या अंकांत बघाव्यात?
(एक वाचक, माझगाव)

उत्तर : मे महिन्याचे अंक काढा. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत होतं. कापसाच्या गाठींबरोबर सुमारे 1,400 टन स्फोटकं भरलेली. पहिला स्फोट 4 वाजून 6 मिनिटांनी झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ते दिवस जपान्यांनी कोहिमाला घातलेल्या वेढ्याचे होते. बंदर किती निकामी झालं हे जपान्यांना कळू नये म्हणून सेन्सॉरने सविस्तर वार्ता अडवून धरल्या. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने 15 एप्रिललाच तपशील सांगितला होता. आपल्या बातमीदारांना परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

एप्रिलचे अंकही टाकून देऊ नका. मथळे सोडा, मदतनिधी, बेघर, हरवलेली माणसं असे छोटे मजकूर आणि जाहिराती वाचा. काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायली मागा. सेन्सॉरचा पत्रव्यवहार शोधायची जागा ती.

मृतांचा आकडा 800 पासून 1,300 पर्यंत कुठलाही दिसेल. अग्निशमन दलाचे 66 जण गेले हे नक्की सांगता येतं, कारण ते मस्टरवर होते. रोजंदारीवरच्या हमालाचं नाव कुठल्या मस्टरवर असणार?

प्रश्न : 1962 च्या पराभवाचा अहवाल वाचायला मिळतो का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल अजून गोपनीय आहे. 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला काही भाग उघड केला, तेवढाच.

प्रश्न : आपण 'पानिपत झालं' म्हणतो. मग इंग्रज 'वडगाव झालं' असं का म्हणत नाहीत?
(एक विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून घाट चढून गेलेली कंपनीची फौज तळेगावहून मागे फिरली, जड तोफा तिथल्या तळ्यात लोटल्या आणि वडगावात मराठ्यांनी तिला कोंडलं. तिथे केलेला तह मुंबई सरकारने नाकारला. कर्नल एगर्टन, कॉकबर्न आणि फौजेबरोबरच्या समितीतला कार्नॅक यांना बडतर्फ केलं. पराभव तीन माणसांच्या नावे जमा झाला आणि कंपनीची वही कोरी राहिली.

पानिपतानंतर तसं करायला जागाच नव्हती, कारण घरोघरचं माणूस गेलं होतं. पेशव्यांच्या हाती पडलेलं ते सावकारी पत्र आठवा : दोन मोत्यं गळाली, 27 मोहरा हरपल्या. मोत्यं म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. पुढचा शब्द आहे खुर्दा, आणि त्याची गणती नाही असं पत्रच सांगतं. सामान्य शिपाई तो हाच.

वडगाव पाहायचं तर लोणावळ्याहून पुण्याची लोकल घ्या आणि वडगाव स्टेशनला उतरा. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्यूअर्टची समाधी तिथे आहे. मावळातल्या लोकांनी शत्रूच्या त्या शूर माणसाला 'इष्टुर फाकडा' म्हणून नावानिशी लक्षात ठेवलं.