वाचकांचे प्रश्न : मंडळीतला वाद

गेल्या अंकात अमेरिकेतल्या यूटा राज्याविषयी एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी तीन इथं घेते आहे. तिन्ही पत्रं ज्या मंडळीविषयी आहेत तिला जग मॉर्मन म्हणून ओळखतं. जोसेफ स्मिथ यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन केलेली ही ख्रिस्ती मंडळी, आज तिचं मुख्यालय यूटात आहे. सभासदांनी ते नाव टाळावं असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ साली सांगितलं, म्हणून मीही ते शक्यतो टाळते.

प्रश्न : बाई, आम्ही नवरा-बायको पुण्यात नोकरीला असताना या मंडळीचे सभासद झालो. आता साताऱ्यात आहोत. रविवारी संध्याकाळी आमच्या घरी चार-पाच कुटुंबं अभ्यासाला जमतात. मध्यंतरी आमच्यातल्या एका तरुण ब्रदरनं मोबाइलवरून वाचून दाखवलं की जोसेफ स्मिथ यांना तीस-चाळीस बायका होत्या. आमच्यात एक वयस्क ब्रदर आहेत. त्यांची कित्येक वर्षांची दारू या मंडळीत आल्यावर सुटली. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "हे विष आहे, इथं नको." मुलगा म्हणाला, "हे आपल्या चर्चनंच लिहिलंय." त्या दिवसापासून मुलगा यायचा थांबला. आमची मंडळी एवढीशी. कोणाचं बरोबर? आणि जुनं उकरल्याशिवाय श्रद्धा चालतच नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलानं वाचलं ते खरं आहे, हे आधी सांगते. तुमच्या मंडळीच्या मुख्यालयानंच २०१३ ते २०१५ या काळात स्वतःच्या इतिहासातल्या अवघड विषयांवर निबंध प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०१४ च्या निबंधात जोसेफ स्मिथ यांच्या पत्नींचा काळजीपूर्वक केलेला अंदाज तीस ते चाळीस असा दिला आहे. त्यांतली सर्वांत लहान हेलन मार किंबल. तिचा पंधरावा वाढदिवस तेव्हा काही महिन्यांवर होता. काही स्त्रियांचे नवरे हयात होते. पहिली पत्नी एमा हिला हे सगळं किती जड गेलं, तेही त्यात आहे.

हा वाद नवाही नाही. १८४४ साली इलिनॉय राज्यातल्या नॉव्हू गावात, म्हणजे मंडळीच्या तेव्हाच्या मुख्य ठाण्यात, ज्यांनी या बहुपत्नीत्वावर छापील आक्षेप घेतला, त्यांत विल्यम लॉ होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते मंडळीच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळात जोसेफ स्मिथ यांच्या शेजारी बसत होते. त्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक ७ जूनला निघाला आणि तोच शेवटचा ठरला. स्मिथ ज्या गावाचे महापौर होते तिथल्या नगर परिषदेनं ते पत्र सार्वजनिक उपद्रव ठरवलं आणि १० जूनला छापखाना मोडला. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकरणात स्मिथ कार्थेजच्या तुरुंगात गेले. २७ जूनला जमावानं तुरुंगात घुसून त्यांना आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. तो खून होता आणि त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण सभासदांचा आक्षेप ऐकून घेण्याऐवजी त्यांचा छापखाना फोडणं, तिथून ही वाट सुरू झाली, हे मला इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगावंच लागेल.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर बहुतेक सभासद यूटात जाऊन वसले. १८५२ मध्ये यूटात बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर झालं. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ते थांबवल्याचं जाहीर केलं. तरी काही लग्नं गुपचूप होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये दुसरं जाहीरपत्र काढावं लागलं. आज तुमच्यातल्या कुणी दुसरी बायको केली तर त्याचं सभासदत्व जाईल.

आता वयस्क ब्रदरांविषयी. त्यांना कुणी अडाणी समजू नये. दारू सोडलेला माणूस ज्या आधारावर उभा राहतो, त्याला धक्का लागला की तो घाबरतो. त्यांच्या घरी आज संध्याकाळी शांतता आहे, पगार घरी येतो, हे जोसेफ स्मिथ यांच्या विवाहांच्या संख्येवर अवलंबून नाही. हे त्यांना तुम्ही एकट्यानं भेटून सांगा, सगळ्यांसमोर नको.

पण त्यांचं म्हणणं मान्य करू नका. तुमच्या मंदिरात, म्हणजे रविवारच्या सभेहून वेगळ्या, खास विधींच्या वास्तूत, प्रवेशाआधी जी मुलाखत होते, तिच्यात शुद्ध आचरण विचारतात, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देता का, विचारतात, आणि सर्व व्यवहारांत प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता का, हेही विचारतात. मग तो प्रामाणिकपणा मंडळीच्या स्वतःच्या गोष्टीपाशी येऊन थांबेल कसा? नीतिनियम कडक आहेत म्हणून तर तुम्ही या मंडळीत आलात. खरं बोलणं हा त्यांतलाच नियम आहे.

मला ज्युअनिटा ब्रूक्स यांच्याविषयी फार आदर वाटतो. दक्षिण यूटातल्या सेंट जॉर्जच्या या शिक्षिका जन्मभर सभासद राहिल्या. त्यांच्याच भागात ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज या ठिकाणी आर्कान्सॉहून निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची कत्तल झाली. स्थानिक सभासदांच्या सशस्त्र दलानं पांढरं निशाण दाखवून त्यांना बाहेर काढलं आणि मारलं. १७ लहान मुलं तेवढी वाचली. पुढे वर्षानुवर्षं दोष पायूट आदिवासींवर ढकलला गेला, आणि फाशी नव्हे, गोळ्या घालून मृत्युदंड झाला तो एकट्या जॉन डी. ली यांना, १८७७ मध्ये. ज्युअनिटाबाईंनी कागद गोळा केले, म्हाताऱ्या माणसांशी बोलल्या आणि १९५० मध्ये पुस्तक लिहून सभासदांचा दोष सभासदांच्या पदरात घातला. गावातल्या कित्येकांनी त्यांच्याशी अंतर ठेवलं. त्यांनी मंडळी सोडली नाही. २००७ मध्ये त्याच जागी उभं राहून मंडळीच्या प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वोच्च पुढाऱ्यांपैकी, एकानं जाहीर खेद व्यक्त केला. तोवर बाई हयात नव्हत्या.

प्रत्येक वेळी असं होतं असंही नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर मंडळीनं कारवाई केली. त्यांत इतिहासकार मायकल क्विन होते; १८९० नंतरच्या गुपचूप लग्नांविषयी त्यांनी लिहिलं होतं. बहिष्कृत झाल्यावरही ते स्वतःला श्रद्धावानच म्हणवत राहिले. तुमच्या तरुण ब्रदरनं हेही जाणून बोलावं. किंमत पडू शकते. तरी जे मुख्यालयानं स्वतः छापलं आहे ते तुमच्या बैठकीत वाचल्याबद्दल कुणी त्याला गप्प करावं, याला काहीच आधार नाही.

आपल्या साताऱ्याला मंडळीतला वाद नवीन नाही. १९१७ मध्ये रेव्हरंड टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि इथं 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. आमच्या घरी माझ्या वडिलांच्या वेळेपर्यंत यावर वाद चालत. वडील टिळकांच्या बाजूचे, शेजारचे वडीलधारे विरुद्ध. दोघंही रविवारी एकाच बाकावर बसत, कारण एकमेकांनी काय वाचलंय हे दोघांनाही माहीत असे.

एक विचारते. तुमच्या पत्रात बायकांविषयी वाद आहे, आणि बोलणारे सगळे पुरुष आहेत. तुमच्या पत्नी काय म्हणाल्या? त्या ब्रदरांच्या पत्नी? चौदा वर्षांची मुलगी ज्यांच्या घरात आहे अशी एखादी आई त्या खोलीत बसली असेल, तर पहिल्यांदा तिला बोलू द्या. निबंध मोबाइलवर तुकड्यानं नको, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा. वाचायला वयस्क ब्रदरांना सांगा आणि त्या मुलाला आणायला स्वतः त्याच्या घरी जा. "ये, तुझाच विषय आहे," एवढं म्हणा.

प्रश्न : माझा मुलगा या मंडळीत गेल्यापासून चहा पीत नाही. सोयरीक बघायला गेलो तिथंही कप परत केला. मुलीकडच्यांना अपमान वाटला. तो म्हणतो, हा नीतीचा प्रश्न आहे. चहा पिणारी मी काय अनीतीची झाले?
– एक आई, कराड

उत्तर : नाही हो, मुळीच नाही. आणि तुमचा मुलगाही तसं म्हणत नसावा.

हा नियम १८३३ सालच्या एका वचनातून आला. दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. सुरुवातीला तो सल्ला होता, सक्तीची आज्ञा नव्हे. पहिल्या पिढीतले कित्येक सभासद हे सगळं घेत असत. विसाव्या शतकात, १९२० च्या सुमारास, मंदिर-प्रवेशासाठी तो पाळणं आवश्यक झालं. त्याच वचनात मांस कमी खावं, थंडीत किंवा दुष्काळातच खावं असंही आहे, आणि त्याबद्दल मुलाखतीत कुणी विचारत नाही. यावर सभासद आपसांत पुष्कळ वाद घालतात, आणि मला तो वाद रास्त वाटतो. एखादी गोष्ट पाळावी. पण ती न पाळणाऱ्याची नीती तिच्यावरून मोजू नये.

मुलानं कप परत करण्यात चूक नाही. चूक झाली ती आधी न कळवण्यात. पुढच्या वेळी निघण्यापूर्वी तुम्हीच फोन करून सांगा, "आमचा मुलगा चहा घेत नाही, कोकम सरबत चालेल." घरी त्याला गवती चहा आणि आल्याचा काढा द्या, त्यात चहाची पूड नसते, त्यामुळे अशा काढ्याला सहसा हरकत घेतली जात नाही. तंबाखूला हात न लावणारा जावई आपल्या भागात मिळणं काय असतं, ते मुलीच्या आईला सांगायला विसरू नका.

प्रश्न : मी बौद्ध घरातला आहे. मिरजेत शिकताना या मंडळीच्या लोकांशी ओळख झाली. माणसं चांगली आहेत. बाप्तिस्म्याचं बोलणं सुरू आहे. पण १९७८ पर्यंत ते काळ्या माणसांना याजकपद देत नव्हते असं वाचलं. विचारलं तर एक सभासद म्हणाले, "तो देवाचा काळ होता." दुसरे म्हणाले, "ती माणसांची चूक होती." माझ्या आजोबांनी १९५६ मध्ये धम्म घेतला तो कशासाठी, हे मला विसरता येत नाही.
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : बाळा, विसरू नकोस.

याजकपद म्हणजे विधी करण्याचा अधिकार; या मंडळीत तो मोजक्या पाळकांना नव्हे, सामान्य पुरुष सभासदांना मिळतो. जोसेफ स्मिथ यांच्या हयातीत काही काळ्या पुरुषांना तो मिळाला होता. एलायजा एबल यांना १८३६ मध्ये मिळाला. १८५२ मध्ये स्मिथ यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी बंदी जाहीर केली. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद नाही, आणि स्त्री-पुरुष दोघांनाही मंदिरातले महत्त्वाचे विधी नाहीत. जेन मॅनिंग जेम्स नावाची एक काळी सभासद होती. १८४३ मध्ये ती आपल्या माणसांबरोबर शेकडो मैल चालत नॉव्हूला आली, पुढे यूटाला गेली. म्हातारपणापर्यंत ती मंदिरातल्या त्या विधींसाठी विनवत राहिली. १९०८ मध्ये वारली, ते विधी न मिळताच. या मंडळीविषयी मी जे काही वाचलं, त्यात माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट ही.

बंदी उठली जून १९७८ मध्ये, अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांच्या काळात. त्याआधी १९७३ मध्ये लेस्टर बुश या डॉक्टर सभासदानं एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहून दाखवलं होतं की बंदीचा उगम जोसेफ स्मिथ यांच्यापर्यंत नेता येत नाही. काळ्या कातडीला शाप वगैरे जी कारणं पूर्वी पुढारी देत, ती सगळी मंडळीनं २०१३ च्या निबंधात नाकारली. औपचारिक माफी मात्र मागितलेली नाही. तेव्हा तुला भेटलेल्या दोघांत दुसरा माणूस मला खरेपणाच्या अधिक जवळ वाटतो. पहिल्यानं तो निबंध वाचलेला नसावा; त्याला दे.

माझ्या मतापुरतं सांगायचं तर, १२६ वर्षं चाललेला अन्याय देवाच्या नावावर टाकणं मला मान्य नाही. यात मी दुसऱ्याच्या मंडळीकडे बोट दाखवून सुटत नाही. आमच्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत आजही सोयरीक जुळवताना मूळ जात हळूच विचारली जाते, आणि ते मी माझ्या नात्यात पाहिलं आहे.

म्हणून तुला भेटणाऱ्या मंडळींना दोन गोष्टी सरळ विचार. जेन जेम्सची गोष्ट तुम्ही रविवारी मुलांना शिकवता का? आणि तुमच्यात लग्नं ठरताना जात बघतात का? उत्तरं पुढाऱ्यांकडून घेऊ नकोस, दोन-तीन कुटुंबांच्या घरी जेवायला बसशील तेव्हा घे. मग घरी जाऊन आजोबांना सगळं सांग, ते नसतील तर वडिलांना. तोपर्यंत बाप्तिस्म्याची तारीख ठरवू देऊ नकोस. खरोखर चांगली माणसं असतील तर ती थांबतील.