‘ता तोकोरो’ आणि ‘ता बाकारी’: दोन्ही ‘नुकतंच’, मग फरक काय?

जपानीत क्रियापदाच्या भूतकाळी ‘ता’ रूपापुढे ‘तोकोरो’ किंवा ‘बाकारी’ लावतात. दोन्हींचा अर्थ ‘नुकतंच केलं’ असाच दिसतो, मग कुठे काय वापरायचं, असं तुम्ही विचारलंय. जपानी भाषेच्या एन-फोर पातळीच्या परीक्षेच्या तयारीत माझंही गाडं इथेच अडलं होतं.

‘तोकोरो’ म्हणजे मुळात जागा, ठिकाण. काम कुठवर आलंय हे त्यातून सांगायचं. ‘ताबेरु तोकोरो’ म्हणजे जेवायच्या बेतात आहे, ‘ताबेते इरु तोकोरो’ म्हणजे जेवतोय आणि ‘ताबेता तोकोरो’ म्हणजे आत्ता जेवून उठलो, हातही अजून ओला आहे. इथे घड्याळ पाहूनच बोलायचं. नागोयाच्या ऑफिसात एकदा दुपारी सहकाऱ्याने फाइलीबद्दल विचारलं. मेल सकाळीच गेला होता, तरी मी म्हणालो, ‘इमा, ओकुत्ता तोकोरो देस.’ तो इनबॉक्स पुन्हापुन्हा रिफ्रेश करत राहिला. त्याच्या कानांवर ‘या मिनिटाला पाठवला’ असंच पडलं होतं.

‘बाकारी’ला घड्याळ लागत नाही. बोलणाऱ्याला ती गोष्ट अजून ताजी वाटते, एवढं पुरतं. जपानला येऊन सहा महिने झाले तरी ‘निहोन नि किता बाकारी देस’ (नुकताच जपानला आलोय) बिनदिक्कत म्हणा. आपणही दिवाळीत झालेल्या लग्नाबद्दल होळीला ‘नुकतंच लग्न झालंय त्यांचं’ म्हणतोच की! वाक्यात ‘सेनगेत्सु’, म्हणजे गेल्या महिन्यात, असं काही दिसलं तर परीक्षेतही डोळे मिटून ‘बाकारी’ निवडा.

मला ‘बाकारी’ जास्त आवडतं, कारण त्यात मन दिसतं. ‘कात्ता बाकारी नानोनि, मो कोवारेता’: आत्ता कुठे घेतली होती, आणि लगेच मोडली! ही हळहळ ‘तोकोरो’तून येत नाही. शिवाय ‘कात्ता बाकारी नो कुत्सु’ (नुकतेच घेतलेले बूट) असं ‘नो’ लावून ते नामाआधी सहज बसतं. तिथे ‘तोकोरो’ घालू नका.

एक जागा मात्र जपा. ‘ता तोकोरो’नंतर ‘देस’ (‘आहे’) न येता वाक्य पुढे चालू राहिलं, तर बहुतेकदा ‘नुकतंच’ हा अर्थ उरत नाही. ‘देन्वा शिता तोकोरो, रुसु देशिता’ याला मराठी अगदी तयार आहे: फोन केला असता घरी कोणी नव्हतं.