स्वतःच्या नावावर मागण्याआधी

लातूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर आजीआजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करायची, त्यासाठी स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून देणग्या मागाव्यात की एखाद्या संस्थेत रुजू व्हावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की निदान दोन वर्षे संस्थेत काम कर, आणि जमल्यास हिशेबाच्या टेबलाशी बस.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी कॉलेजात होतो. आम्ही चार मित्रांनी उपरण्याची झोळी करून बाजारपेठेत दुकानोदुकानी पैसे जमवले, पावती कोणालाच दिली नाही, आणि ब्लँकेट, भांडी, मेणबत्त्या घेऊन औशाच्या वाटेने निघालो. एक रुपयाही कोणी खाल्ला नाही. महिन्याभराने एक्कावन्न रुपये देणाऱ्या एका किराणा दुकानदाराने सहज विचारले, "एकूण किती जमले होते रे?" चौघांनी चार आकडे सांगितले. तो काही बोलला नाही, पण पुढच्या गणपतीला त्याने वर्गणी माझ्या हातात न देता शेजारच्या पोराला बोलावून दिली. ते मला आजही टोचते.

तुझ्या खात्यात आलेला पैसा कायद्याच्या नजरेत तुझाच असतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली, तर वरची तेवढीच नव्हे, सगळीच रक्कम तुझे उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी तर व्यक्तीच्या खात्यात येतच नाही. संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण झालेला हिशेब द्यावा लागतो. हा जाच वाटतो खरा, पण कोणी बोट दाखवले तर पुढे करायला तोच कागद हाताशी असतो.

खरी गाठ मात्र तुझ्या पोटाची आहे. देणगीतले किती मुलांचे आणि किती तुझ्या खोलीभाड्याचे, हे तू कोणाला विचारून ठरवणार? ऊसतोड कुटुंब मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेते आणि हंगामभर कोयता चालवून फेडते. निदान ती किती घेतली आणि किती फिटली, यावर भांडता तरी येते. वैयक्तिक देणगी ही मोजमाप न ठरलेली उचल आहे. संस्थेत तुझे मानधन नियुक्तीपत्रात लिहिलेले असते, मग ते कितीही तुटपुंजे असो.

संस्था निर्दोष असतात असे मी म्हणत नाही. माझ्या पहिल्या संस्थेत मानधन तीन-तीन महिने थकत असे. मुलांना वसतिगृह हवे दिवाळीनंतर, आणि निधीचा पहिला हप्ता येई जानेवारीत. मग मार्चअखेर 'खर्च दाखवा' म्हणून घाई, जेव्हा आईबाप परतायच्या बेतात असत. हा राग गिळून मी तिथे राहिलो, म्हणूनच निधी नेमका कुठे अडतो ते मला कळले. अंबाजोगाईची मानवलोक १९८२ पासून उभी आहे. अशा जुन्या संस्थेत जाऊन आठ दिवस नुसते बघ.

तातडीच्या रुग्णासाठी मागावे लागले, तर गोष्ट वेगळी. पण आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का ते पाहावे, धर्मादाय रुग्णालयात निर्धनांसाठी राखलेल्या दहा टक्के खाटांची चौकशी करावी, आणि तरीही कमी पडले तर देणाऱ्यांना पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायला सांगावे.

तू अकरा जणांकडून आधीच पैसे घेतले आहेस, असे लिहिले आहेस. गावात सप्ताह संपला की जमाखर्च ज्वारीच्या पायल्यांसकट माइकवरून वाचतात ना, तसाच त्या अकरा नावांचा हिशेब वहीत मांड, शिल्लक असेल तर तीही लिही, आणि या रविवारच्या आत प्रत्येकाला पाठव. मला त्याची एक प्रत हवी आहे.

तुझा,
काका